खाऊची मोजणी

बिस्किट हा त्यांच्या लेखी खाऊच नव्हता. एखाद्या नव्या आईने पाळणाघराच्या पहिल्या दिवशी डब्याबरोबर बिस्किटांचा पुडा दिला, तर ते तो तिच्यासमोरच उघडत, त्यातलं एक बिस्किट जवळच्या कुठल्याही लेकराच्या हातात देत आणि खिशातला स्टीलचा टेप काढून शांतपणे वाट बघत उभे राहत. लेकराचं खाऊन झालं की खाली वाकून सगळ्यांत लांब उडालेला कण शोधायचे, टेप लावायचे आणि त्या बाईकडे वर बघून म्हणायचे, "दीड हात. एका बिस्किटाले दीड हात जागा लागली. पोटात किती गेलं ते तुमीच पाहा."

मग उरलेला पुडा परत.

पुसदच्या आमच्या गल्लीत सगळे त्यांना मोजणीवाले काका म्हणत. सरकारी मोजणी खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. आधी मोजणीची साखळी आणि नकाशाचा फलक खांद्यावर टाकून, नंतर यंत्रं आली तेव्हा यंत्रं घेऊन, ते जिल्हाभर शेतं मोजत हिंडले होते. कळंबकडची काळी जमीन, मुकुटबनकडची दगडगोट्यांची, सगळी त्यांच्या पायाखालून गेलेली. निवृत्त झाल्यावर बायकोचं पाळणाघर त्यांच्याकडे आलं, आणि अंगातली मोजणी काही गेली नाही. बारीक अंगाचा, उन्हाने रापलेला माणूस. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, खिशात टेप आणि खडूचा तुकडा. घरातही चालायचे ते सारख्या अंतराची पावलं टाकत, जणू पलीकडच्या टोकाला कुणीतरी आकडा लिहून घेत उभं आहे.

त्यांची भाषा कचेरीतलीच राहिली होती. लेकरांना ते अर्जदार म्हणत. "तुमचे अर्जदार आज दुपारी झोपले नाही," असं सांगत. संध्याकाळी लेकरू आईच्या कडेवर देताना "घ्या ताबा" म्हणत. शेताच्या कागदावर जी जमीन पेरता येत नाही तिला पोटखराबा म्हणतात. त्यांच्या पाळणाघरात जे पोटात न जाता जमिनीवर पडलं तो पोटखराबा. चार वाजता लेकरांचा खाऊ व्हायचा, आणि सव्वाचारला ते प्रत्येकाभोवती खडूने पोटखराब्याची रेघ ओढायचे. पाच लेकरं, शहाबादी फरशीवर पाच वेडीवाकडी वर्तुळं. लेकरांना त्याचा फार आनंद. रेघ ओढून होईपर्यंत एकही जागचं हलत नसे.

मी गार्गीला घेऊन त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा ती पावणेदोन वर्षांची होती. मी पुसदला एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून नुकतीच रुजू झाले होते. नवऱ्याची नोकरी यवतमाळला, तो शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने परत जायचा. बाकीचे दिवस दोन खोल्यांत आम्ही दोघीच. गार्गीचं खाणं हा तेव्हा माझा सगळ्यांत मोठा घोर होता. ती स्वतःच्या हाताने काहीच खात नसे. सगळं मिक्सरमधून काढून, चमच्याने, समोर मोबाइलवर गाणी लावून भरवावं लागे. तरी चार घासांनंतर तोंड मिटायची ते उघडायचीच नाही. वजन तीन महिने होतं तिथंच होतं. डॉक्टर म्हणाले होते, हाताने खाऊ द्या. मी हो म्हणून आले होते आणि पुन्हा मिक्सर लावला होता.

पहिल्या दिवशी मी अर्धी रजा काढून तिच्याजवळ थांबले. चार वाजले. काकांनी प्रत्येकापुढे उकडलेल्या रताळ्याचा एकेक लांब काप ठेवला. बाकीच्यांनी उचलले. गार्गीने दोन्ही हात पाठीमागे घेतले. बऱ्याच वेळाने एक हात पुढे आला, तिने कापाला बोट लावलं, आणि त्याचं टोक मोडून फरशीवर पडलं.

तिने पडलेल्या तुकड्याकडे पाहिलंच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मग घाईघाईने तळहाताने फरशी पुसायला लागली.

काका समोर उकिडवे बसलेले होते. ते काही क्षण तिचा हात बघत राहिले.

"घरी कोन ओरडते हिले?" त्यांनी मला विचारलं.

"कुणी नाही ओरडत," मी म्हणाले.

"घरी कोन कोन राह्यते?"

"मी आणि ती."

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी विषय सोडला. गार्गीच्या हाताखालचा तुकडा उचलून बोटांत चिरडून पाहिला आणि तिलाच म्हणाले, "हे लय शिजलं. माह्यी चूक आहे, अर्जदार. लेकरू नाही सांडत. खाऊ सांडते."

मला त्यांचा राग आला. रात्रीपर्यंत तो प्रश्न डोक्यात होता. मी तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, आणि या माणसाला अर्ध्या तासात असं काय दिसलं होतं? दुसरं पाळणाघर शोधायचं ठरवून झोपले. पण कार्यालयाजवळ दुसरं नव्हतं, आणि सकाळी पावणेदहाला मी पुन्हा त्यांच्याच दारात उभी होते.

त्यांच्याकडे खाऊचं एक शास्त्र होतं आणि ते त्यांनी फरशीवर वाकून वाकून तयार केलेलं होतं. चिकटायला नको, चुरायला नको, गोल नको. मुठीच्या बाहेर दोन बोटं उरेल इतका लांब हवा, कारण एवढ्या लेकराला मूठ उघडून आतलं खाता येत नाही, ते बाहेर आहे तेवढंच चावतं. हे मला डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं. गोल वस्तूंवर त्यांचा विशेष राग. द्राक्ष असेल तर उभं चिरून त्याच्या चार फोडी. फुटाणे, शेंगदाणे यांना घरात प्रवेश नाही. "घशाची नळी केवढी असते, ठाव आहे का?" ते करंगळी पुढे करत. "एवढी. तिच्यात गोल वस्तू बसली तर निंघत नाही."

खाऊ करायचा काकूंच्या देखरेखीखाली. काकू म्हणजे त्यांची बायको. त्यांचं खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं होतं, वॉकर धरून चालायच्या आणि स्वयंपाकघरात ओट्याजवळ उंच खुर्चीवर बसायच्या. भिजवलेल्या मुगाचं धिरडं त्या सांगतील तेवढंच पातळ व्हायचं. त्यात किसलेलं गाजर, थोडं जिरं, मग त्याची घट्ट गुंडाळी. सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, वडी तळायची नाही, वाफवायची आणि बोटाएवढी कापायची. केळं पूर्ण सोलायचं नाही. खालचं साल तसंच ठेवायचं, म्हणजे धरायला मूठ होते आणि हात चिकट होत नाहीत. दही नुसतं दिलं तर भिंतीपर्यंत जातं, म्हणून ते रात्रभर फडक्यात टांगून त्याचा चक्का पोळीवर पसरायचा आणि पोळी गुंडाळायची. खजूर चिकटतो, पण भाजलेल्या तिळाच्या कुटात लोळवला की चिकटत नाही. हिवाळ्यात तुरीचे हिरवे दाणे, आमच्याकडचे सोले, आले की ते उकडून, ठेचून, थोड्या ज्वारीच्या पिठात त्यांच्या चपट्या टिक्क्या.

सगळेच प्रयोग साधत नसत. एकदा ज्वारीच्या लाह्या घट्ट बांधून त्यांच्या वड्या करायचा घाट घातला. लेकरांच्या हातात गेल्या आणि दोन मिनिटांत खोलीभर लाह्या. एका लेकराच्या केसात, एक काकूंच्या चष्म्यावर. काकांनी टेप काढला, खोलीभर नजर फिरवली आणि टेप परत खिशात ठेवला.

"गावठाणच मोजा लागते," ते म्हणाले.

काकू चष्मा पुसत म्हणाल्या, "मी कालच सांगतलं होतं. पन तुमाले मोजल्याबिगर पटत नाही काही."

गार्गी आठवडाभर काहीही हातात घेईना. चारच्या खाऊला काकांनी तिला आग्रह केला नाही, गाणी लावली नाहीत, चमचाही दाखवला नाही. माझा मिक्सरमधला डबा ते दुपारी काकूंच्या हाताने तिला भरवत. पण चार वाजता इतरांबरोबर तिच्यापुढेही एक काप ठेवत आणि सव्वाचारला तो तसाच उचलत. तिच्याभोवती रेघ ओढायला काही नसे, तरी ते तिच्याभोवती छोटंसं वर्तुळ काढत. इतरांसारखं तिलाही.

"खात तर नाही ती," मी एकदा म्हणाले.

"अर्जदार जागेचा मौका पाहून राह्यली," ते म्हणाले. "पाहू द्या. मौका पाह्यल्याबिगर कोनी शेत घेत नाही."

एका दुपारी साहेब दौऱ्यावर होते म्हणून मी लवकर निघाले. पाळणाघरात लेकरं झोपलेली होती. काका केळी आणायला बाजारात गेले होते. काकू खुर्चीत बसून सोले निवडत होत्या. मीही समोर बसून निवडायला लागले.

"मी कशी पडली ते सांगतलं का यांनी तुले?" त्यांनी अचानक विचारलं.

मी नाही म्हणाले.

"नाही सांगनार. मीच सांगतो." आमच्याकडच्या बऱ्याच जुन्या बायकांसारख्या त्या स्वतःबद्दल बोलताना 'सांगतो', 'करतो' असंच म्हणायच्या. "बारा वर्षं हे पाळनाघर मी एकटीनं चालवलं. हे दिवसभर शेतामंधी. संध्याकाळी घरी आले का पयले खाली पाह्याचे. इथं चुरा पडला, तिथं मुंग्या होतीन. दिवसभर करून काय राह्यली तू, म्हने. मी फडकं घ्याची अन् पुसाची. दिवसातून चारदा, पाचदा."

दाणे ताटात टाकत त्या सावकाश बोलत होत्या. रागाने नाही. झालेली गोष्ट सांगावी तशा.

"मग हे रिटायर झाले. पयलाच महिना. पेपर वाचत बसले होते खुर्चीवर. एका पोरीनं खिचडीची वाटी उलटवली. दोन वर्षांची पोरगी. मी फडकं आनाले उठली अन् त्याच खिचडीवरून पाय सरकला. खाली पडली तं उठताच येईना. अन् बाई, मी खाली पडून आहे, आनि हे त्या लेकरावर ओरडून राह्यले. असे ओरडले का त्या पोरीनं जागीच मुतलं अन् तिथंच बसून राह्यली. रडलीसुदा नाही."

"मग?"

"मग काय. दवाखाना, आपरेशन. पोरीच्या मायनं तिले दुसऱ्या दिवशी काढून नेलं. आठ-दहा दिवसांनी हे मले दवाखान्यात म्हनते, मी त्या पोरीच्या घरी गेलतो. माफी मांगाले. ती अंगनात पोळी खात बसली होती. मले पाह्यलं अन् हातातली पोळी तिनं खाली ठेवून देल्ली." काकूंनी ताट थोडं हलवलं आणि दाणे सारखे केले. "तेवढंच सांगतलं. अन् मंग घरी येऊन यांनी फडकं हातात घेतलं. मी सांगतलं नव्हतं."

काका केळी घेऊन आले तेव्हा आम्ही दोघी सोल्यांबद्दल बोलत होतो.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी धिरडं केलं, मुगाचंच, आणि गुंडाळी करून गार्गीपुढे ठेवली. ती बघत बसली. मग एका बोटाने तिने ती ढकलली. गुंडाळी ताटलीतून बाहेर पडली आणि उलगडली. गार्गीने वर पाहिलं. मी काही बोलले नव्हते. पण माझा हात ओट्यावरच्या फडक्यापर्यंत पोचलेला होता.

मी ओरडत नव्हते, हे खरंच होतं. मी फक्त प्रत्येक वेळी लगेच फडकं उचलत होते. काहीही पडायच्या आधी माझा चेहरा तयार असायचा. साडेसहाला घरी यायचं, पाणी भरायचं, स्वयंपाक, कपडे, सकाळचा डबा, आणि घरमालकाने नव्याने बसवलेल्या पांढऱ्या फरश्या. काहीही सांडलं की अर्धा तास वाढला, एवढंच मला दिसायचं. ते तिला माझ्या चेहऱ्यावर दिसायचं.

मी फडकं बाहेर दोरीवर टाकून आले आणि तिच्याजवळ खाली बसले. धिरड्याचा एक तुकडा मोडून मी खाल्ला. माझ्याकडूनही थोडं सांडलं. तिने ते बघितलं. त्या दिवशी तिने खाल्लं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

त्यानंतर साधारण पंधरा दिवसांनी, दुपारी सव्वाचारला, कार्यालयात मला काकांचा फोन आला. ते कधीच फोन करत नसत. मी लगेच उचलला.

"मोजनीवाला बोलतो," ते म्हणाले. "तुमचं प्रकरन निकाली निंघालं."

"काय झालं, काका?"

"खाल्लं. सोल्याची टिक्की. अर्धी. सोताच्या हातानं. अन् उरलेल्या अर्धीचा काला केला."

"आणि पोटखराबा?" मी विचारलं.

"दोन वीत. चांगला आहे. एवढा तर पाहिजेच."

फोन ठेवल्यावर मी समोरचं जावक रजिस्टर उघडलं, काही न लिहिता मिटलं आणि पुन्हा उघडलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, सगळं ठीक ना? मी म्हणाले, मुलीने टिक्की खाल्ली. त्यांना त्यात काय विशेष ते कळलं नसावं, पण त्या हसल्या.

पुढचं दीड वर्ष बरं गेलं. गार्गीचं वजन हळूहळू वाढलं. ती आता हद्दीच्या भांडणांतही पडायला लागली होती. एकदा ती आणि आर्यन नावाचा तिच्याच वयाचा मुलगा एकाच धिरड्याला धरून बसले. कुणीच सोडेना. काकांनी धिरडं मधोमध कापलं, दोघांच्या मध्ये खडूने सरळ रेघ मारली आणि गंभीरपणे सांगितलं, "हा धुरा. इकडचं हिचं, तिकडचं तुझं. धुरा कोरायचा नाही." शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. दोघांनी रेघेकडे बघितलं, मग सरकत सरकत एकमेकांजवळ आले, आणि दोघांच्या ढुंगणाखाली धुरा पुसून गेला. गार्गीने आर्यनच्या हातातला तुकडा चावला. त्याने तिचा.

मी घ्यायला गेले तेव्हा काका हे मला सांगत होते. "मुकुटबनकडं दोघा भावांचा धुरा मी तीनदा मोजला," ते म्हणाले. "तीनदा तिथंच निंघाला. तरी चौथा अर्ज केला. पोट्टे होते तेव्हा त्यायले असं जवळजवळ बसवाले पाहिजे होतं कोनी." मग म्हणाले, "त्यायच्या मायनं बसवलंही असन म्हना. मोठेपनी होतेच असं."

त्यांच्या हाताचं पहिल्यांदा कधी लक्षात आलं ते मला नेमकं सांगता येत नाही. उन्हाळ्यात एकदा गार्गीच्या फ्रॉकची गुंडी मीच लावावी म्हणून त्यांनी तिला तशीच माझ्याकडे दिली. मला वाटलं घाईत असतील. मग खडूच्या रेघा बारीक थरथरलेल्या दिसायला लागल्या. एकदा चहाचा कप त्यांनी हातात न देता खिडकीत ठेवला. मी घेतला, पण विचारलं नाही.

एका शनिवारी त्यांनी आम्हा पाचही लेकरांच्या आईवडलांना बोलावलं. काकू खुर्चीत बसल्या होत्या. काका उभे होते, दोन्ही हात पाठीमागे धरून.

"या महिन्याच्या शेवटी मी पाळनाघर बंद करून राह्यलो," ते म्हणाले. "डॉक्टर म्हनते, हाताचं दुखनं आहे. गोळ्या देल्ल्या आहे. कमी होईन, जास्त होईन, जानार नाही."

आर्यनचे वडील म्हणाले, "काका, दिवाळीपर्यंत तरी चालवा. आम्ही एक बाई लावू मदतीला."

"लेकराले कडेवर घ्याचं तर हात खात्रीचा पाहिजे," काका म्हणाले. "माह्या हाताची मले खात्री नाही. मोजनीत शंका असली तं सही करत नसते."

सगळ्यांनाच अडचण होणार होती, मला सगळ्यांत जास्त. मी घरी गेल्यावर हिशेब लावत बसले की आता काय करायचं. पण त्या खोलीत पाठीमागे धरलेले ते हात मला त्यांच्यामागच्या दारावरच्या आरशात दिसत होते. एक हात दुसऱ्याला घट्ट धरून होता.

महिनाअखेरीस त्यांनी एकेका लेकराला हात धरून दारापर्यंत चालवत आणलं. कडेवर घेतलं नाही. सासूबाई यवतमाळहून माझ्याकडे राहायला आल्या, मग गार्गी बालवाडीत जायला लागली, आणि दिवस मार्गी लागले.

आम्ही रविवारी अधूनमधून त्यांच्याकडे जायचो. खोली रिकामी आणि फार स्वच्छ असायची. काका बोलायचे, गार्गीला शाळेचं विचारायचे, पण खायचं काही आलं की उठून आत जायचे. "मी मंग खातो," म्हणायचे. एकदा दारात काकू मला हळूच म्हणाल्या, "दोन महिने झाले, माह्यासमोर जेवत नाही. मागच्या खोलीत ताट नेते अन् दार लोटून घेते. उपाशी उठत असन, मले काय ठाव. ताट सोताच धुते."

गार्गी सव्वाचार वर्षांची असताना माझी बदली यवतमाळला झाली. निघायच्या आधीच्या रविवारी सकाळी आम्ही भेटायला गेलो. मी सांभाराची वडी नेली होती. वाफवलेली, जाड कापलेली, मुठीत धरता येईल अशी. मुद्दामच. काकांनी डबा घेतला, झाकण उघडून पाहिलं, आणि का आणली आहे ते त्यांना कळलं. ते मला दिसलं. त्यांनी झाकण लावलं.

"चांगली कापली," ते म्हणाले. "मंग खाईन."

मला माझीच लाज वाटली. काकू म्हणाल्या, "ते राहू दे. पोहे कर तू. मले आज पोहे खाऊ वाटून राह्यले."

मी त्यांच्या स्वयंपाकघरात पोहे केले. चार ताटल्या भरल्या. बाहेर आणल्या तेव्हा काका खुर्चीतून उठायच्या बेतात होते. गार्गी आपली ताटली घेऊन त्यांच्या पायाशी फरशीवर बसली आणि शाळेतल्या सशाची गोष्ट सांगत हाताने पोहे खाऊ लागली. गोष्टीत ससा उडी मारायचा तेव्हा तिचा हातही उडायचा. पोहे तिच्या फ्रॉकवर, फरशीवर, काकांच्या चपलेवर पडत होते. तिला पत्ता नव्हता. काका उठायचे थांबून तिच्याकडे बघत राहिले.

"काका, तुम्हाला पोहे नाही आवडत?" तिने मध्येच विचारलं.

"आवडते ना."

"मग खा ना."

मग आमच्यातल्या कुणालाही कधी न सांगितलेली गोष्ट त्यांनी तिला सांगितली. "हात हालते, माय. लय सांडते."

गार्गीने त्यांच्या हाताकडे नीट पाहिलं. "माझं पण सांडतं," ती म्हणाली आणि बाजूला सरकली. "इथं बसा."

मी हात दिला. त्यांनी तो धरला आणि सावकाश खाली बसले. ताटली मांडीवर घेतली. पहिला चमचा तोंडापर्यंत जाईस्तोवर अर्धा रिकामा झाला. ते थांबले. काकू खुर्चीवरून म्हणाल्या, "चमचा कायले पाहिजे? हातानं खा." त्यांनी स्वतःचा चमचा बाजूला ठेवला होता आणि त्या बोटांनी खात होत्या.

काकांनी चमचा ठेवला. पोह्यांचा घास हातात घेतला, मूठ मिटली, दुसऱ्या हाताने मनगट धरलं आणि तोंडात घातला. मग दुसरा. गार्गीचा ससा विहिरीपाशी पोचला होता. काका चावत चावत ऐकत होते, मध्येच विचारत होते, विहिरीले कठडा होता का? गार्गी विचार करून म्हणाली, नव्हता. "मंग जपून जा म्हना," काका म्हणाले आणि त्यांनी मला अजून पोहे वाढायला सांगितले.

त्यांचं खाणं तासभर चाललं. मी सांडलेल्या कशालाही हात लावला नाही, स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिले आणि माझ्या ताटलीतले पोहे तिथेच खाल्ले. सगळे उठल्यावर मी झाडू घेऊन बसले. काकांची जागा, गार्गीची जागा, काकूंच्या खुर्चीखालची जागा, सगळीकडे पिवळे पोहे पसरले होते, आणि त्यातलं कुणाचं कोणतं ते काही सांगता येत नव्हतं.